गच्चीवरचें विमान आणि पंख्याचे बोल्ट

नशिराबादेस आमच्या धाकट्या भगिनीचें घर आहे. जळगांवाहून भुसावळकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरील हें मोठें गांव. जळगांवचें विमानतळ येथून जवळच आहे. गेल्या वैशाखांत आम्ही तिच्याकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. उकाड्यामुळें निजावयास गच्चीवर जात असूं, आणि उजाडल्यावर थोड्याच वेळानें डोक्यावर विमानाची घरघर सुरू होई. तीं प्रवाशांचीं मोठीं विमानें नव्हत. वैमानिकी शिकणाऱ्या मुलामुलींचीं, एका पंख्याचीं लहानशीं विमानें तीं. गांवकऱ्यांस त्यांचें आतां नवल राहिलेलें नाहीं. आम्ही मात्र पहिले दोन दिवस अंथरुणावर उठून बसून पाहत होतों, हें कबूल केलें पाहिजे.

आमच्याहूनही तन्मय होऊन पाहणारा आमचा भाचा. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. तिसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं त्यानें आपला बेत आमच्यापुढें मांडला. शिक्षण संपलें कीं घरच्या गच्चीवर दोन माणसांचें विमान बांधावयाचें, असा तो बेत. त्याच गच्चीवर त्या वेळीं भगिनीच्या कुरडया व सांडगे वाळत होते. तेव्हां विमानाचे पंख कोठें पसरावयाचे व कुरडया कोठें, हा प्रश्न पहिल्या घोटाबरोबरच उपस्थित झाला. पण तो सुटण्यासारखा होता.

भाच्याच्या बेतास आधार होता तो कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणाचा. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, या वैमानिकानें सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत ‘मेक इन इंडिया’च्या मुंबईंतील प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, सरकारदरबारीं नोंदणी होण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उडविण्याची परवानगी २०१९ सालीं मिळाली, आणि चाचणीचें उड्डाण झालें तें आमच्या खानदेशांतच, धुळ्याच्या धांवपट्टीवर, २०२० सालीं. एवढ्या वर्षांची ही चिकाटी कोणाही तरुणाचें डोकें फिरवील, व फिरवावें.

भगिनीनें सर्व ऐकून घेतलें आणि मग आमच्याकडे वळून ती म्हणाली, “दादा, बांधील तो. हात चांगला आहे त्याचा. पण बांधून झाल्यावर रोज त्याच्याकडे पाहणार कोण? शेतावरच्या इंजिनाला तीन महिन्यांत कोणीं तेल विचारलें नाहीं.”

भाचा कपांत पाहूं लागला. आम्हींही उत्तर दिलें नाहीं, कारण प्रश्न बिनतोड होता. घरीं बांधलेल्या विमानांविषयीं वर्तमानपत्रांतून जें छापून येतें तें सारें बांधणीचें असतें. म्हणजे लग्नाचा थाट सर्वत्र वर्णिलेला, संसाराची हकीकत कोठेंच नाहीं. उरलेल्या दोन दिवसांत भाच्याशीं जें बोलणें झालें व त्यानिमित्त आम्हीं जें वाचून पाहिलें, त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवीत आहों. विमान बांधण्याचा विचार आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांचा असेल. परंतु घरांत एखादें यंत्र व एखादा होतकरू मुलगा नाहीं असें कुटुंब हल्लीं विरळाच.

अशा लहान विमानांत पुष्कळ ठिकाणीं बसवितात तें इंजिन म्हणजे ऑस्ट्रियांत तयार होणारें रोटॅक्स ९१२. चार सिलिंडर, दोन कार्बुरेटर, मोठ्या प्रकारांत शंभर अश्वशक्ति. पूर्ण जोरांत तें मिनिटास ५८०० फेरे घेतें. पंखा त्याच गतीनें फिरविला तर पात्यांचीं टोकें ध्वनीच्याही पुढें जातील व पंखा ओढण्याचें काम सोडून नुसता किंचाळत बसेल. म्हणून मध्यें दांतेचक्रें घालून पंख्याचे फेरे २४०० च्या आंत आणलेले असतात. विमानाच्या नाकावरील प्रोपेलरास आम्ही येथें पंखाच म्हणत आहों. घरांतला पंखा वारा आपल्याकडे ढकलतो, हा वारा मागें ढकलून आपण पुढें जातो; जात एकच.

सकाळचें पहिलें काम तेल पाहण्याचें. मोटारींत काठी काढून पाहिली कीं झालें. या इंजिनांत तेलाची टांकी निराळी असते आणि उभ्या विमानांत कांहीं तेल इंजिनाच्या तळाशीं उतरून बसतें. तेव्हां पंखा हातानें, त्याच्या फिरण्याच्या दिशेनेंच, सावकाश फिरवीत राहावें लागतें. कांहीं फेऱ्यांनंतर टांकींतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येतो, आणि मगच काठीवरची खूण खरी. ज्यास या फेऱ्यांचा कंटाळा, तो काठी पाहून तेल कमी आहे असें समजतो व वरून ओततो. या फेऱ्यांचा आणखी एक उपयोग आहे. प्रत्येक सिलिंडरांत हवा दाबली जातांना हाताला अडथळा लागतो. चार सिलिंडरांचे चार अडथळे सारखे लागले पाहिजेत. एखादा मऊ लागला तर तेथील झडप किंवा पिस्टनची कडी हवा सोडीत आहे असें समजावें. मग दाबाचें मापक लावून हवा कोठून निसटते तें कानानें शोधतात. धुराच्या नळीशीं फुसफुस ऐकूं आली तर एक झडप दोषी, कार्बुरेटरच्या बाजूस आली तर दुसरी, आणि तेल ओतण्याच्या तोंडाशीं आली तर कड्या झिजल्या.

पण पंख्यास हात लावण्यापूर्वीं एक गोष्ट अशी आहे कीं ती न समजल्यामुळें माणसें प्राणास मुकलीं आहेत. जुन्या घडणीच्या विमान-इंजिनांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते. तिला बॅटरीची गरज नसते, पंखा फिरला कीं ती आपोआप उत्पन्न होते. तिचें बटन ‘बंद’ करणें म्हणजे ती ठिणगी एका तारेनें इंजिनाच्या धातूंत वाहून घालविणें. घरांतल्या दिव्याची तार तुटली तर दिवा लागत नाहीं. मॅग्नेटोची ही तार तुटली तर ठिणगी कधींच बंद होत नाहीं. बटन ‘बंद’ दाखवीत असतें, किल्ली वैमानिकाच्या खिशांत असते, आणि सहज ढकललेला पंखा एकदम फिरून हात घेऊन जातो. म्हणून जाणते लोक प्रत्येक पंखा जिवंत आहे असेंच धरून त्याच्याशीं वागतात.

याच कारणास्तव उड्डाणापूर्वीं एक तपासणी असते, आणि तींत भाच्याची गंमत झाली. प्रत्येक सिलिंडरांत दोन प्लग व त्यांना ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बिघडली तरी दुसरीवर घरीं येतां यावें ही योजना. इंजिन ठराविक गतीनें चालवून एकेक यंत्रणा क्षणभर बंद करावयाची व फेरे किती घटतात तें पाहावयाचें. थोडे घटले पाहिजेत. फार घटले तर चालू असलेल्या बाजूचा प्लग किंवा तार बिघडलेली. “आणि मुळींच घटले नाहींत तर?” आम्हीं विचारलें. “मग उत्तमच, मामा,” भाचा म्हणाला. उत्तम नव्हे. मुळींच न घटणें म्हणजे बटन बंद करूनही ती यंत्रणा बंद झालीच नाहीं; म्हणजे वर सांगितलेली तार तुटली. भाच्यानें मुकाट्यानें हें लिहून घेतलें.

प्लग काढून त्यांचा रंग पाहणें हें वैद्यानें जीभ पाहण्यासारखें आहे. फिकट तपकिरी असला तर मिश्रण ठीक. काजळी धरलेला काळा असेल तर पेट्रोल अधिक जातें. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर पेट्रोल अपुरें पडून इंजिन तापतें आहे. तेल बदलतांना जुना फिल्टर टाकून देत नाहींत. तो कापून आंतल्या कागदाच्या घड्या उजेडांत पसरतात व चकाकणारे कण शोधतात. लोहचुंबकास चिकटला तो कण पोलादाचा, न चिकटला तो दुसऱ्या कोणत्या धातूचा. आणि कोणत्या धातूचा कण यावरून कोणता अवयव झिजतो आहे याचा माग लागतो. हें आम्ही सांगत असतां भगिनी ताटांत तांदूळ निवडीत बसली होती. ती एवढेंच म्हणाली, “हें मला येईल.” आम्हांस त्यांत विनोद वाटला नाहीं. खरोखरच तिला येईल.

दोन कार्बुरेटरांचें प्रकरण शेतकऱ्यास चटकन् समजेल. एक कार्बुरेटर दोन सिलिंडरांस पुरवितो, दुसरा उरलेल्या दोघांस. दोघांच्या झडपा अगदीं बरोबरीनें उघडल्या पाहिजेत. नाहीं तर जोडींतला एक बैल पुढें ओढतो व दुसरा मागें राहतो, आणि जूं वांकडें होतें. येथें जूं म्हणजे इंजिनाचा दांडा व दांतेचक्रें. हळू चालीवर इंजिन थरथरतें, दांते एकमेकांवर आदळतात, आणि महागडें काम निघतें. दोन्हीं बाजूंस चोषणाचीं मापकें लावून दोहोंचे कांटे जुळवितात. काम अर्ध्या घटकेचें आहे. पण इंजिन ‘चालतें आहे ना’ या सबबीवर तें पुढें ढकलण्याचा मोह फार.

आतां पंखा. इंजिनाविषयीं कौतुक असलेले लोकही पंख्याकडे एक नुसती फळी म्हणून पाहतात. सुमारें पावणेदोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटास २४०० फेरे घेत असतां त्याचें टोक ताशीं जवळजवळ ८०० किलोमीटर गतीनें धांवत असतें, आणि त्या टोकावरील एका ग्रॅमची बाहेरची ओढ साडेपांच किलोंच्या वर जाते. एका पात्याच्या टोकाशीं एक ग्रॅम चिखल अधिक चिकटला, तर तेवढी ओढ सेकंदास चाळीस वेळां दिशा बदलून इंजिनाला हिसके देत राहते. म्हणून पंख्याचा तोल पाहावयाचा, म्हणून तो पुसून ठेवावयाचा. शिवाय दोन्हीं पातीं एकाच वाटेनें जातात कीं नाहीं हेंही पाहावें लागतें. एका पात्याच्या टोकापुढें लांकडी ठोकळा उभा करून दुसरें पातें तेथें आणावयाचें. दोहोंत दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक अंतर दिसलें तर कारण शोधल्याविना उडूं नये.

धातूच्या पंख्यास खडा लागून एवढीशी खांच पडली तर ती किरकोळ समजूं नये. कापड फाडणारा दुकानदार प्रथम कांठाला बारीक चीर देतो, मग एका हिसक्यांत पन्हा दोन भाग होतो. पात्याच्या कडेची खांच ही तशी चीर आहे. ती बारीक कानशीनें उतरती, गुळगुळीत करून टाकतात, म्हणजे ताण एका ठिकाणीं सांचत नाहीं; खांच मर्यादेहून खोल असेल तर पंखाच बाद. आमच्याकडे धुळीची व मुरुमाची जागा पुष्कळ. तेथें उभें राहून इंजिन जोरांत चालवूं नये, कारण पंखा खडे वर ओढून स्वतःवरच मारून घेतो.

लांकडी पंखा खानदेशांत वापरावयाचा तर त्याचें पंचांगच ठेवावें लागेल. पातळ फळ्यांचे थर एकमेकांस चिकटवून तो केलेला असतो व मध्यभागीं बोल्ट घालून इंजिनाच्या चकतीवर आंवळलेला असतो. पुष्कळांची समजूत अशी कीं पंखा बोल्टांमुळें फिरतो. वस्तुतः बोल्टांचें काम लांकूड चकतीवर दाबून धरणें एवढेंच. फिरविण्याचा सारा जोर त्या दोहोंच्या घट्ट घर्षणांतून जातो. वैशाखांतल्या कोरड्या उन्हांत लांकूड आकसतें व बोल्ट सैल पडतात. मग लांकूड चकतीवर किंचित् सरकूं लागतें, घासून तापतें, काळें पडतें, आणि शेवटीं जोर बोल्टांवर येऊन ते तुटतात. उलट श्रावणांत लांकूड फुगतें. तेव्हां उन्हाळ्यांत घट्ट केलेले बोल्ट लांकडांत रुतून त्याचा चुरा करतात. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, पुढें पंचवीस तासांनीं, नंतर दर पन्नास तासांनीं आणि ऋतु बदलला कीं हे बोल्ट मोजक्या जोराच्या पान्यानें पुनः पाहावयाचे असतात. विमान उभें करतांना दोन पात्यांचा लांकडी पंखा आडवा ठेवितात, उभा नव्हे; उभा ठेवल्यास ओल खालच्या पात्यांत उतरते व तोल बिघडतो. हा शेवटचा नियम भगिनीला फार पटला. तिच्या घरांत लाटणेंही उभें ठेवीत नाहींत.

खानदेशच्या उन्हाचा दुसरा प्रताप याहून फसवा आहे. तापलेली हवा विरळ होते. जळगांवचें विमानतळ समुद्रसपाटीपासून अदमासें अडीचशें मीटर उंच आहे. परंतु ४३ अंशांच्या दुपारीं तेथील हवा इतकी विरळ होते कीं विमानाच्या हिशेबानें तें महाबळेश्वरच्या उंचीवर जाऊन बसतें. महाबळेश्वरची थंडी तेवढी मिळत नाहीं. इंजिनाला श्वासागणिक आठव्या हिश्शाच्या आसपास हवा कमी मिळते व तितकी शक्ति घटते. गंमत अशी कीं पंख्याला कापावयाची हवाही तेवढीच विरळ असल्यामुळें पंखा हलका फिरतो, आणि फेरे मोजणारा कांटा जवळजवळ नेहमींचाच आंकडा दाखवितो. वैमानिक कांट्यावर विश्वासतो; ओढ मात्र कमी पडलेली असते, आणि जमीन सोडण्यापूर्वींची धांव जवळजवळ दीडपट लांबते. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतां येत असेल तर तो बदलून थोडें साधतें. कोन कमी केला तर चढण चांगली मिळते, पण वर गेल्यावर इंजिन भलतेंच भरधांव फिरूं पाहतें. कोन वाढविला तर वरची चाल चांगली, पण जमिनीवरून उठतांना दम लागतो. सायकलच्या गिअरसारखेंच हें आहे. तरी हवेचा तुटवडा कोनानें भरून निघत नाहीं. नशिराबादेवरून जाणारीं तीं शिकाऊ विमानें सकाळीं लवकर उडतात, तें कांहीं केवळ शिकणारांस ऊन लागूं नये म्हणून नव्हे.

बर्फाची गोष्ट सांगितली तेव्हां तर घरांत कोणाचाच विश्वास बसेना. पावसाळ्यांत, बाहेर वीस-पंचवीस अंश उष्णता असतांना, कार्बुरेटरांत बर्फ जमूं शकतो. माठांतलें पाणी गार कां होतें? पृष्ठभागावरचें पाणी वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जातें म्हणून. कार्बुरेटरांत पेट्रोल तसेंच उडून जातें, शिवाय अरुंद वाटेनें जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो. दोहोंमुळें आंतली उष्णता वीस अंशांनीं आणि केव्हां केव्हां त्याहून अधिक उतरते, व दमट हवेंतील पाणी झडपेवर गोठतें. फेरे हळूहळू, न कळत, घटूं लागतात. यावर इंजिनाच्या नळीवरून आलेली गरम हवा आंत सोडणें हा उपाय. ती सोडली कीं प्रथम इंजिन अधिकच खोकतें, कारण वितळलेलें पाणी त्याच्या घशांतून जातें. नवशिका घाबरून गरम हवा बंद करतो, आणि तेथेंच घात होतो.

पेट्रोलाविषयीं मात्र थोडक्यांत सांगतों. आपल्या पंपांवरील पेट्रोलांत आतां इथेनॉल मिसळलेलें असतें. २० टक्क्यांचें राष्ट्रीय लक्ष्य २०२५ सालीं गांठलें गेलें. उसाच्या शेतकऱ्यास तें लाभाचें असेल, पण इथेनॉल पाणी शोषून घेतें, कांहीं प्रकारचें रबर खातें, आणि वर सांगितलेल्या रोटॅक्सचे निर्माते १० टक्क्यांच्या पलीकडे परवानगी देत नाहींत. तेव्हां हमरस्त्यावरच्या पंपावरून डबा भरून आणावा व उडावें हें जमणार नाहीं. इथेनॉल आहे कीं नाहीं तें पाहण्याची युक्ति सोपी आहे. उभ्या कांचेच्या नळींत थोडें पाणी घालून खूण करावी, वर पेट्रोल ओतून हालवावें व स्थिर होऊं द्यावें. पाणी वाढलेलें दिसलें तर इथेनॉल त्यांत उतरलें असें जाणावें. विमानाचें खास पेट्रोल इंडियन ऑइल २०२२ पासून बडोद्यास तयार करीत आहे. त्यांत शिशाचा अंश असतो, आणि तें वापरल्यास रोटॅक्सचें तेल शंभर तासांऐवजीं पन्नास तासांनीं बदलावें लागतें.

इतकें सर्व भाच्यानें नीट समजून घेतलें. मुलगा हुशार आहे. तो म्हणाला, “मामा, हें सगळें मी करीन. मींच बांधलेलें असल्यावर त्यांतला प्रत्येक बोल्ट मला ठाऊक असणार.”

आमचा मतभेद आहे तो येथें. प्रत्येक बोल्ट ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो दिसत नाहीं. तरुणपणीं आमच्याजवळ एक जुनी मोटारसायकल होती. एकदां तिचा कार्बुरेटर आम्हीं स्वतः उघडून साफ केला, पेट्रोलची नळी परत बसविली, आणि निघण्यापूर्वीं नळीचा चाप तीनदां पाहिला. तीनही वेळां तो घट्टच दिसला. वाघूरच्या पुलाजवळ चहास थांबलों असतां केळीच्या ट्रकवरील एक गृहस्थ लांबूनच ओरडला, “भाऊ, पेट्रोल गळतें आहे!” चाप आम्हीं आंवळलाच नव्हता. तीनदां आम्हीं पाहिली ती आंवळल्याची आठवण. त्या गृहस्थास ती आठवण नव्हती, म्हणून त्यास गळती दिसली. जमिनीवर होतों, म्हणून चहा पिऊन निघालों.

विमानांच्या व्यवसायांत यावर जुना तोड आहे. महत्त्वाच्या जोडणीवर एकानें काम करावयाचें, आणि त्या कामांत हात न घातलेल्या दुसऱ्या जाणत्यानें ती स्वतंत्रपणें पाहून सही करावयाची. आंवळलेल्या नटावरून बोल्टावर लाल रंगाची बारीक रेघ ओढतात. नट तिळभर फिरला तरी रेघ तुटते व कोणासही दिसते. गच्चीवर विमान बांधणारास हा दुसरा माणूस मिळविणें हें इंजिन मिळविण्याहून कठीण आहे, कारण इंजिन पैशानें मिळतें. सरकारी परवानग्यांस लागलेल्या विलंबाबद्दल आपण सर्वजण चीड व्यक्त करतों, आणि तीस जागाही असेल. परंतु परक्या डोळ्यांनीं विमान पाहिलें पाहिजे हा त्या मागील आग्रह चुकीचा आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

राइट बंधूंसारख्या काटेकोर कारागिरांसही पंख्यानें सोडलें नाहीं. १९०३ च्या नोव्हेंबरांत, पहिल्या उड्डाणाच्या ऐन तोंडावर, पंख्याच्या पोकळ दांड्यास चीर गेली. ऑर्व्हिल घरीं परत गेले, पोलादाचे भरीव दांडे करून आणले, आणि मग १७ डिसेंबर उगवला. पांच वर्षांनीं, १७ सप्टेंबर १९०८ रोजीं, फोर्ट मायर येथें सैन्यापुढें प्रात्यक्षिक चाललें असतां लांकडी पंख्याचें एक पातें उभें चिरलें. कंपनें उठलीं, पंखा मागील सुकाणूच्या तारेवर आपटला, विमान कोसळलें. ऑर्व्हिल जबर जखमी झाले. त्यांच्या शेजारीं बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानांतील तो पहिला बळी. ते पंखे नवे होते.

दुसरें उदाहरण आपल्या काळांतलें. अमेरिकेंतील विख्यात गायक जॉन डेन्व्हर यांनीं दुसऱ्या कोणी घरीं बांधलेलें एक विमान विकत घेतलें होतें. त्यांत पेट्रोल एका टांकींतून दुसरीकडे वळविण्याची तोटी मूळ आराखड्याप्रमाणें वैमानिकाच्या पायांशीं नव्हती. पेट्रोलच्या नळ्या बसावयाच्या जागेंत येऊं नयेत या सद्हेतूनें बांधणारानें ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली होती. तोटीची मूठही राहिली नव्हती. पकडीनें फिरवावी लागे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं इंजिनास पेट्रोल मिळेनासें झालें, तोटी फिरविण्यासाठीं मागें वळतांना विमान हातचें गेलें, आणि डेन्व्हर समुद्रांत पडून गेले. बांधणारास ती जागा सोयीची वाटली होती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, “मग बांधूंच नये का?”

तसें आम्हीं म्हटलें नाहीं, व भगिनीनेंही नाहीं. तिनें एक अट घातली. पुढल्या वैशाखापर्यंत शेतावरच्या विहिरीचें जुनें डिझेल इंजिन त्यानें सांभाळावें. वीज गेली कीं तेंच उपयोगीं पडतें. तेल केव्हां बदललें, कोणता नट आंवळला, किती तास चाललें, कोणता नवा आवाज आला, तें तारीखवार वहींत लिहावें. वर्ष नीट गेलें तर गच्चीचा एक कोपरा त्याचा, आणि तिच्या कुरडया शेजारच्या घरीं वाळतील.

वहीचे रकाने त्यानें त्याच रात्रीं आंखले. शेवटचे दोन रकाने होते: ‘कोणीं केलें’ आणि ‘कोणीं पाहिलें’. दुसऱ्या रकान्यासाठीं त्यानें आमच्याकडे पाहिलें; पण आम्ही दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें निघणार होतों. “मी पाहीन,” भगिनी म्हणाली, “मला फक्त ती लाल रेघ कोठें पाहायची तें दाखव.” सकाळीं आम्ही निघालों तेव्हां दोघेही शेतावर गेलेलीं होतीं. ओट्यावर वही उघडी होती. पहिल्या ओळींत तेल एक बोट कमी असल्याची नोंद होती, आणि तिच्यापुढें भाच्याची सही. शेजारचा रकाना अजून भरावयाचा होता.